‘डिसेक्टिंग’खाली तीन रेघा

“ऑपरेशननंतर सर्जन म्हणाले, कॅन्सरसारखं दिसतंय. आता हा कागद म्हणतो, साधी गाठ. मी खरं कुणाचं मानू?” खुर्चीत नीट टेकायच्या आतच ताईंनी विचारलं. गर्भपिशवी काढून तीन आठवडे झाले होते. रिपोर्ट इतक्यांदा उघडला-मिटला होता, की घडीवर कागद विरला होता.

मी विचारलं, “यातला कुठला शब्द झोपू देत नाही?”

त्यांनी बोट ठेवलं. ‘डिसेक्टिंग’. खाली पेनाने तीन रेघा. “चिरत चिरत पसरणारं, असंच ना?”

आजारांना नावं देणारे पेशंटचा विचार करत नाहीत, हे माझं जुनं गाऱ्हाणं. ताईंच्या रिपोर्टवरचा कॉटिलेडनॉइड डिसेक्टिंग लायोमायोमा हा फायब्रॉइडचाच, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंतल्या साध्या गाठीचाच, एक दुर्मीळ प्रकार. १९९६ मध्ये त्याला हे नाव मिळालं. गाठ गर्भाशयाच्या स्नायूंतून वाट काढत बाहेर येते आणि ओटीपोटात लालसर, लोंबत्या गोळ्यांसारखी फुगते. हुबेहूब वारेसारखी, म्हणजे बाळंतपणात बाळामागून बाहेर पडणाऱ्या प्लासेंटासारखी. वारेच्या पाळ्यांना कॉटिलेडन म्हणतात, नाव तिथूनच आलं. पोट उघडल्यावर हे समोर दिसलं, तर कुठल्याही सर्जनच्या मनात कॅन्सर येणारच.

“ते खोटं बोलले नाहीत ताई, डोळ्यांना दिसलं ते बोलले. पण निकाल मायक्रोस्कोपखाली लागतो.”

मग आम्ही रिपोर्टचा खालचा परिच्छेद वाचला. तिथवर त्या पोचल्याच नव्हत्या. पेशी बेढब नाहीत, त्यांचं विभाजन अगदी तुरळक, कॅन्सरमध्ये मरतो तसा मेलेला भाग नाही. गर्भाशयाच्या स्नायूंची गाठ सार्कोमा, म्हणजे कॅन्सरची, आहे का, हे मुख्यतः या तीन गोष्टींवर ठरतं. तिन्ही त्यांच्या बाजूने होत्या.

त्या गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “यांनी त्या गाठीचा फोटो काढलाय. रोज रात्री बघते.”

फोटो डिलीट करा, असं मी सांगितलं नाही. असल्या आज्ञा पाळल्या जात नाहीत. एवढंच म्हटलं, “शंका असेल तर लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले गाठीचे तुकडे, मागून घ्या, गर्भाशयाच्या गाठी नेहमी तपासणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवा. त्यात कुणाचा अपमान नाही. सर्जननी दिलेल्या तारखांना तपासणी मात्र चुकवू नका.”

महिन्याभराने आल्या. दुसरं मतही तेच. फोटो अजून मोबाइलमध्येच आहे म्हणाल्या, “पण शेवटचा कधी उघडला, ते आठवत नाही.”