ओआरची इंटर्नशिप हवीय? आधी फेरीच्या धक्क्यावर उभं राहा

या महिन्याच्या पत्रांत ऑपरेशन्स रिसर्चवरची (ओआर, म्हणजे कामाचे निर्णय गणिताने घ्यायचं शास्त्र) तीन पत्रं निघाली, म्हणून यावेळी बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. पहिलं पत्र मोठं आहे, उत्तरही मोठंच झालंय.

प्रश्न: ताई, मी डिचोलीची, गोवा विद्यापीठात एमएस्सी गणित पहिल्या वर्षाला आहे. बीएस्सीला ओआरचा पेपर होता, सिम्प्लेक्स, ट्रान्सपोर्टेशन, असाइनमेंट सगळं हाताने सोडवायचे, मार्कही चांगले पडले आणि विषय मनापासून आवडला. पुढच्या उन्हाळ्यात यातच इंटर्नशिप करायची आहे पण साइटवर शोधलं की एकतर काहीच येत नाही नाहीतर 'ऑपरेशन्स इंटर्न' येतं, ते गोदामात माल मोजायचं काम असतं. कोडिंग थोडंसंच येतं. घरचे म्हणतात पुण्या-मुंबईला कशाला, इथेच काहीतरी बघ. सुरुवात कुठून करू?

बाय, आधी नावाचा घोळ मिटवूया. आपल्याकडे कंपन्या जाहिरातीत 'ऑपरेशन्स रिसर्च' क्वचितच लिहितात. तेच काम सप्लाय चेन अॅनालिटिक्स, डिसिजन सायन्स, ऑप्टिमायझेशन, नेटवर्क प्लॅनिंग, प्रोडक्शन प्लॅनिंग, रेव्हेन्यू मॅनेजमेंट असल्या नावांनी निघतं. म्हणून नावावर जाऊ नकोस, खालचं कामाचं वर्णन वाच. त्यात शेड्युलिंग, रूटिंग, फोरकास्टिंग, लिनिअर प्रोग्रॅमिंग, सिम्युलेशन यातलं काही असेल किंवा एखाद्या सॉल्व्हरचं (अशी गणितं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव असेल तर ते तुझं काम, मग वरती काही का लिहिलेलं असेना.

आता सिम्प्लेक्सबद्दल. मर्यादित सामानातून जास्तीत जास्त फायदा कसा काढायचा ते शोधणारी ही पद्धत डँटझिगने १९४७ साली काढली, आपण अजून तिची टेबलं वहीत आखतो, आणि ते शिकायलाच हवं कारण आत काय चाललंय ते त्यातूनच कळतं. पण इंटर्न घेणाऱ्याला टेबल सोडवणारी मुलगी नको असते, ते कॉम्प्युटर क्षणात करतो. समोरच्या माणसाच्या तोंडी गोष्टीतून गणित उभं करणारी मुलगी त्याला हवी असते. पेपरात गणित तयार मिळतं, कामावर कोणीच तयार देत नाही, आणि मार्क चांगले असलेली मुलं अडतात ती नेमकी इथेच.

तुमच्या वाड्यावरच्या पदेराचंच, म्हणजे पाववाल्याचंच उदाहरण घे. समज तो उंडे आणि पोई असे दोन प्रकारचे पाव करतो. उंड्यांच्या एका ट्रेला २ किलो पीठ आणि भट्टीची १० मिनिटं लागतात, सुटतात ६० रुपये. पोईच्या ट्रेला पीठ तेवढंच पण भट्टी २० मिनिटं, सुटतात ८० रुपये. पीठ आहे ४० किलो, भट्टी मिळते ३०० मिनिटं. सोडवलंस तर १० ट्रे उंडे, १० ट्रे पोई आणि १,४०० रुपये येतात. पेपरात इथे खाली दोन रेघा मारून आपण पुढच्या प्रश्नाला जातो. पदेर मात्र विचारणार, बाय, मी अजून पीठ आणू की भट्टी जास्त वेळ पेटती ठेवू? याचं उत्तर ड्युअलमध्ये, म्हणजे याच गणिताच्या जोडगणितात आहे. जास्तीच्या एका किलो पिठामागे २० रुपये वाढतात, भट्टीच्या एका मिनिटामागे २ रुपये. म्हणजे पिठाच्या नेहमीच्या भावावर किलोला २० रुपयांपर्यंत जास्त मोजावे लागले तरी त्याला परवडतं, पण हे ६० किलोपर्यंतच, त्यापुढे भट्टीच पुरत नाही आणि आणलेलं पीठ पडून राहतं. या वाढीलाच शॅडो प्राइस म्हणतात. तिची व्याख्या घोकलेली शंभर मुलं सापडतील, हे पदेराला समजेल असं सांगणारी फार थोडी असतात. तू ते जमव.

आणि आता तुझा स्वतःचा प्रोजेक्ट. तू डिचोलीहून ताळगावच्या पठारावर विद्यापीठात येतेस ना, मग एक आठवडा मये-चोडण वाटेने ये आणि चोडणच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर सकाळी ७ ते ९ वही घेऊन थांब. दुचाकी किती वाजता आली, फेरी किती वाजता सुटली, किती चढल्या, किती मागे राहिल्या, बस एवढंच लिही. पहिल्या दिवशी गोंधळ होईल, तिसऱ्या दिवशी हात बसेल. मग लिटलचा नियम लाव, १९६१ साली सिद्ध झालेला हा नियम इतका साधा आहे की विश्वास बसत नाही: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले सरासरी थांबणं. तासाला १२० दुचाक्या येत असतील आणि रांगेत सरासरी ३० असतील तर प्रत्येकाचं थांबणं सरासरी १५ मिनिटं, कोणालाही घड्याळ न लावता.

पुढची गंमत याहून मोठी आहे. समज फेऱ्या सरासरी २० मिनिटांनी सुटतात. अगदी घड्याळासारख्या सुटल्या आणि सगळ्यांना जागा मिळाली तर अवचित येणारा माणूस सरासरी १० मिनिटं थांबेल. पण एक १० मिनिटांनी आणि पुढची ३० मिनिटांनी अशा सुटल्या तर? सरासरी तीच, २०. थांबणं मात्र १२.५ मिनिटं होतं, कारण लोक लांबच्या गॅपमध्येच जास्त सापडतात. म्हणजे एकही बोट न वाढवता, नुसता वेळ पाळला तर लोकांचं थांबणं कमी होतं. तुझ्या डेटातून ही गोष्ट एका पानावर आणि एका ग्राफमध्ये दाखवलीस ना, तर इंटरव्ह्यूमध्ये अर्धा तास तेच बोलणं चालेल. युद्धकाळात इंग्लंडमध्ये हा विषय जन्माला आला तोही असाच. ब्लॅकेटसारखे शास्त्रज्ञ नौदलाच्या नोंदी घेऊन बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की जहाजांचा ताफा मोठा केला की नुकसानाचं प्रमाण कमी होतं, कारण जहाजं वाढतात त्या मानाने राखायचा घेर वाढत नाही.

कोडिंगला घाबरू नकोस. पायथॉन, त्यात पांडाज (डेटा हाताळायला) आणि पल्प (अशी गणितं मांडायला) एवढं दोन-तीन महिन्यांत येतं, रोज तासभर दिला तर. पदेराचं गणित पल्पमध्ये दहा-बारा ओळींत बसतं. आधी एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये करून बघ, मग पल्पमध्ये, उत्तर तेच यायला पाहिजे. नंतर गूगलचं ओआर-टूल्स घे, ते फुकट आहे, गुरोबी या विकतच्या सॉल्व्हरचं लायसन्सही विद्यार्थ्यांना कॉलेजमार्फत फुकट मिळतं. शिकायला एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी मद्रासच्या जी. श्रीनिवासन सरांची ओआरची लेक्चर्स आहेत, शांतपणे, फळ्यावर शिकवल्यासारखी, मी अजूनही अधूनमधून लावते. गाड्यांचे मार्ग आखायचा नाद लागला तर सोलोमनचे १९८७ चे नमुना-प्रश्न उतरवून घे, प्रत्येकात १०० ग्राहक आणि प्रत्येकाची ठरलेली वेळ, जगभरचे लोक आपली पद्धत त्यावरच तपासतात.

अर्ज कधी करायचा? उन्हाळ्याची इंटर्नशिप एप्रिलमध्ये शोधणं म्हणजे चवथीची माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) चवथीच्या रात्री बांधायला घेणं. मोठ्या कंपन्या आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच मुलं निवडायला लागतात. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, तिचे फॉर्म साधारण वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत भरायचे असतात, त्यात गणितही येतं. आयआयटी मुंबईत या विषयाचा वेगळा विभागच आहे, कोलकात्याची आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) आहे, तिथल्या प्राध्यापकांना थेट मेल कर. पण 'रिस्पेक्टेड सर, आय अॅम हाइली इंटरेस्टेड' छापाची मेल पन्नास जणांना पाठवू नकोस, ती कोणी वाचत नाही. त्यांचा एक पेपर वाच, त्यातलं काय कळलं आणि कुठे अडलीस ते चार ओळींत लिही, फेरीचं एक पान जोड. पाच मेल पाठव पण अशा पाठव.

घरच्यांचंही पूर्ण चुकीचं नाही. गोव्यात ओआर नाही असं नाही, त्या नावाचा बोर्ड नाही इतकंच. वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत कुठल्या मशीनवर कुठली बॅच आधी घ्यायची, दोन बॅचमध्ये मशीन धुवायला किती वेळ जातो हा शेड्युलिंगचा अस्सल प्रश्न आहे. मुरगाव बंदरात कुठलं जहाज कुठल्या धक्क्याला लावायचं, कदंबच्या बसेसवर ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्युट्या कशा लावायच्या, किनाऱ्यावरच्या हॉटेलांनी खोल्यांचे भाव कसे ठरवायचे, सगळं हेच. इथे जाहिरात निघायची वाट बघू नकोस, प्लॅनिंग खात्यातल्या माणसाला भेट आणि म्हण की दोन महिने तुमचा एक प्रश्न घेते. फक्त एक बघ, तिथे तुला शिकवणारं कोणी असायला हवं किंवा विद्यापीठातले एखादे सर मार्गदर्शनाला तयार असायला हवेत. दोन्ही नसेल तर पुणे-मुंबई बरी, दोन महिन्यांचाच प्रश्न आहे, आईला तसं सांग.

माझा अनुभव सांगते. पहिल्या इंटर्नशिपमध्ये मी एका कंपनीसाठी माल पोचवायच्या गाड्यांचे मार्ग काढले होते, कागदावर अंतर बरंच कमी झालं होतं. डिस्पॅचला बसणाऱ्या काकांनी कागद हातात घेतला, बोट फिरवत तिसऱ्या ओळीवर थांबले आणि म्हणाले, 'या पुलावरून आमची मोठी गाडी जात नाही गो.' महिनाभर मी त्याच इमारतीत होते, त्यांच्या टेबलापर्यंत एकदाही गेले नव्हते आणि मला तिथे पाठवावं असं माझ्या वरच्या साहेबांनाही सुचलं नव्हतं. राहिलेले तीन आठवडे रोज सकाळी काकांच्या बाजूला स्टूल टाकून बसले. त्यांच्या डोक्यातल्या अकरा अटी माझ्या मॉडेलमध्ये आल्या, बचत निम्म्यावर आली, पण तो प्लॅन गाड्यांवर खरोखर चालला. तुलाही सांगते, पहिल्या आठवड्यातच अशा काकांना शोधून काढ.

प्रश्न: माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका ऑनलाइन संस्थेने ओआर आणि डेटा सायन्सची सहा आठवड्यांची इंटर्नशिप देतो म्हणून ८,००० रुपये भरायला सांगितलेत, सर्टिफिकेटही मिळणार. भरावेत का? (एक पालक, मडगाव)

नाही भाऊ, भरू नका. काम देणारा पैसे देतो, निदान मागत तरी नाही. पैसे घेऊन देतात तो कोर्स, त्याला इंटर्नशिप म्हणणं ही फसवणूक आहे आणि मुलांच्या घाईचा असा फायदा घेतलेला बघून मला फार वाईट वाटतं. प्राध्यापकाकडे बिनपगारी दोन महिने केले तर चालेल, तिथे शिकायला मिळतं. एआयसीटीईचं (तंत्रशिक्षण परिषदेचं) इंटर्नशिप पोर्टल आहे, तिथे त्याला नाव नोंदवायला सांगा. आणि कुठेही जाण्याआधी त्याने तीन गोष्टी विचाराव्यात: प्रश्न कुठला, डेटा कोणाचा, रोज माझं काम बघणार कोण. ज्यांना याची उत्तरं देता येत नाहीत तिथे जाऊ नये.

प्रश्न: मी फर्मागुडीला मेकॅनिकल करतो. ऑनलाइन इंटरव्ह्यूत विचारलं, हॉटेलच्या ४० खोल्या आहेत, आधी बुक करणाऱ्यांना सवलतीत किती द्यायच्या? मी गप्पच झालो. अशा प्रश्नांची तयारी कशी करायची? (एक विद्यार्थी, फोंडा)

गप्प बसू नकोस रे बाबा, हे प्रश्न मुद्दाम अर्धवट ठेवलेले असतात, तू काय विचारतोस तेच त्यांना बघायचं असतं. सवलतीचा भाव किती, पूर्ण भाव किती, उशिरा येणारे साधारण किती असतात, बुकिंग रद्द होतात का. समज ते म्हणाले सवलतीत ३,००० आणि पूर्ण भाव ५,०००. मग बोलत बोलत विचार कर: एक खोली राखून ठेवली तर हातचे ३,००० सोडले, ती पुढे ५,००० ला जाण्याची शक्यता ६० टक्क्यांहून जास्त असेल तरच राखणं फायद्याचं. आता मागचे २० शनिवार काढ. पूर्ण भावाची १३ किंवा जास्त गिऱ्हाइकं १३ शनिवारी आली, म्हणजे ६५ टक्के. १४ किंवा जास्त ११ शनिवारी, म्हणजे ५५ टक्के. तर १३ खोल्या राखायच्या, २७ सवलतीत सोडायच्या. याला लिटलवुडचा नियम म्हणतात, १९७२ चा, विमानाच्या सीटांसाठी निघालेला. नाव आठवलं नाही तरी चालतं, ६० टक्के कुठून आले ते सांगता आलं पाहिजे.

बाकी तयारीत ड्युअल, ब्रँच अँड बाउंड (पूर्णांकाचं उत्तर शोधायची पद्धत), थोडी प्रोबॅबिलिटी आणि पायथॉनची एखादी छोटी लूप एवढं पक्कं ठेव. पूर्णांकाचं उत्तर हवं असताना साधं एलपी (अपूर्णांक चालणारं लिनिअर प्रोग्रॅमिंग) सोडवून आकडे राउंड केले तर का चालत नाही, हे हमखास विचारतात, त्यासाठी दोन चलांचं एक छोटं उदाहरण ग्राफ काढून तयार ठेव. आणि रोज संध्याकाळी मित्राला समोर बसवून एक प्रश्न मोठ्याने सोडव, ओआर न शिकलेला मित्र घे, तो मध्येमध्ये 'म्हणजे काय?' विचारेल.