पहिल्या बाळंतपणाला एवढं सांभाळ

अगं, घाबरू नकोस. यादी लांबवूही नकोस. 36वा आठवडा लागला की पिशवी भरून दाराशी ठेव:
- फाईल: सोनोग्राफी, रक्तगट, आधार कार्ड
- पुढून उघडणारे दोन गाऊन, मोठे पॅड
- धुतलेली झबली, टोपडी आणि आईच्या जुन्या सुती साडीची आठ-दहा दुपटी

खरं लक्ष दुधाकडे दे. जमेल तर पहिल्या तासातच बाळाला छातीशी घे. तो घट्ट, पिवळसर चीक चमचाभरच असतो, पण बाळाचं पोटही तेवढंच. माझ्या पहिल्या वेळी "दूध येत नाहीये" म्हणत घरच्यांनी वरचं दूध सुरू केलं आणि मी दोन दिवस रडत होते. दूध बहुतेकींना तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं गं! पाचव्या-सहाव्या दिवसापासून 24 तासांत 6 लंगोट ओले झाले, की पोट भरतंय समज.

बाळगुटी, पाणी 6 महिने नाही, आणि मध तर वर्षभर नाही. डॉक्टरांनी दिलेले थेंब तेवढे चालतील. नाळेला तेल-हळद नको, कोरडी राहू दे.

बाळ पिईनासं झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, पिवळेपणा तळव्यांपर्यंत उतरला, तर घरात कुणी "सकाळी बघू" म्हणालं तरी थांबू नकोस. रात्रीच दवाखाना गाठ.