स्टीलच्या फ्रिजवर आणि चिमणीवर वाळलेले रंगाचे डाग कसे काढावेत?

भिंती रंगवताना उडालेले थेंब पाण्यात मिसळायच्या इमल्शनचे आहेत की ऑइल पेंटचे, हे आधी रंगाऱ्याला विचारून घ्यावे, कारण उपाय त्यावरच ठरतो. इमल्शन असल्यास भांड्यांचा साबण घातलेल्या कोमट पाण्यात फडके भिजवून ते डागावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावे आणि मऊ पडलेला थर प्लास्टिकच्या पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने अलगद उचलावा. एवढ्याने न निघाल्यास कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावे. ऑइल पेंटला टर्पेंटाइन लागते. दोन्ही द्रव ज्वालाग्राही असल्याने शेगडी बंद, उपकरणाचा प्लग काढलेला आणि खिडक्या उघड्या असाव्यात.

तारेची घासणी मात्र कृपया वापरू नये. तिने पृष्ठभागावर कायमचे ओरखडे पडतात, आणि साध्या लोखंडी तारेचे सूक्ष्म कण स्टीलवर अडकून तेच पुढे गंजतात. पुसताना हात नेहमी स्टीलवरील बारीक रेषांच्या दिशेनेच फिरवावा. बोटांचे ठसे न उमटणारा लेप असलेल्या नव्या फ्रिजवर, तसेच बटणांवरील छापील अक्षरांजवळ, कोणतेही द्रावक आधी कोपऱ्यात थोडेसे लावून पाहावे; ॲसिटोन तिथे टाळावेच. शेवटी साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे.