आधी पदवी की आधी कॅमेरा?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. मुलगी बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. 'रावे'साठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहिली, तिथून कोलाम आदिवासींच्या एका पोडावर, म्हणजे वस्तीवर जाऊ लागली आणि तिथल्या लोकांचे फोटो काढू लागली. आता म्हणते, शेवटचं सेमिस्टर सोडते, कॅमेरा घेते आणि एका संस्थेबरोबर पोडांवर काम करते. यात पोट भरेल का? उद्या केसेस अंगावर आल्या तर?

उत्तर : नमस्कार सर. तुमची काळजी खरी आहे आणि मुलीची ओढही खरी आहे, म्हणून दोघांसाठी लिहितो.

हे काम आयुष्यभर केलेली एक बाई मला ठाऊक आहे, अमेरिकेतली मारिया वरेला. मेक्सिकन वंशाची ही तरुणी १९६३ मध्ये काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'स्टुडंट नॉनव्हायलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी'त गेली. ती फोटोग्राफर म्हणून गेली नव्हती. अलाबामातल्या सेल्मामध्ये तिच्याकडे प्रौढ साक्षरतेचं काम होतं. शिकवायला बसली तर हाताशी एकही धड पुस्तक नाही, कारण काळे शेतकरी स्वतःचं काम स्वतः उभं करताहेत असं चित्रच कुठे छापलेलं नव्हतं. म्हणून ती कॅमेरा शिकली. मिसिसिपीत बेट्सव्हिलच्या शेतकऱ्यांनी भेंडी विकायला सहकारी संस्था काढली होती. त्या संस्थेवर मारियाने फोटोंची पट्टी (फिल्मस्ट्रिप) केली. इतर गावच्या शेतकऱ्यांनी ती बघून आपलीही संस्था काढावी, हा हेतू.

सर, मुलीला एवढंच विचारा : हे फोटो कोण बघणार? पोडावरची माणसं, की शहरातलं प्रदर्शन? तिच्या उत्तरावरून पुढची बरीच वाट ठरेल.

साठचं दशक संपता संपता मारिया न्यू मेक्सिकोच्या उत्तर भागात गेली. तिथल्या स्पॅनिशभाषक खेड्यांची सामाईक कुरणं १८४८ नंतर, म्हणजे तो मुलूख अमेरिकेकडे गेल्यावर, हळूहळू हातची गेली होती. तिथे नुसत्या फोटोंनी भागणार नव्हतं. मग तिने नियोजनाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९८३ मध्ये लोस ओहोस गावात मेंढपाळांबरोबर 'गनादोस देल वाये' ही संस्था उभी केली. नामशेष होत चाललेली चुरो जातीची मेंढी पुन्हा वाढवली, तिच्या लोकरीवर गावच्या बायकांचे माग चालू केले. १९९० मध्ये तिला मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला. सत्तावीस वर्षं गेली होती तोवर.

यातली मेंढीची गोष्ट मुलीला दोनदा वाचायला सांगा. मेंढीची जात, चारा, लोकरीचा भाव हा तिच्याच अभ्यासक्रमाचा भाग आहे. पोडावर कॅमेरेवाले येऊन जातात. कोरडवाहू जमिनीत काय पिकेल, बियाणं कुठलं, हिशोब कसा मांडायचा हे सांगणारं माणूस राहायला येत नाही. एका सेमिस्टरसाठी ते सोडणं मला अजिबात पटत नाही.

कॅमेऱ्याला कामही भरपूर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या जंगलजमिनीच्या दाव्यांना पुरावे लागतात आणि नियमांनी जुनी विहीर, बांधबंदिस्ती, दफनभूमी, देवाची जागा यांनाही पुरावा मानलं आहे. वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन, ग्रामसभेला विचारून, तारीख आणि जागा नोंदवून असे फोटो काढले तर ते दाव्याच्या फाईलमध्ये कामी येतात. म्हाताऱ्या बाईच्या सुरकुत्यांचे फोटो खूप जण काढतात. बांधाचा कोणी काढत नाही.

पैशाचं सरळ सांगतो. संस्थांमधले पगार तुमच्या पगाराच्या जवळपासही जाणार नाहीत आणि नुसत्या सामाजिक फोटोग्राफीवर घर चालवणारे फार थोडे. पदवी हातात असली तर बँकेतलं कृषी अधिकारी पद, राज्य लोकसेवा आयोगाची कृषी सेवा परीक्षा या वाटा उघड्या राहतात. मी सुचवेन ते असं : पदवी पुरी करायची, मग वर्षभर संस्थेत मानधनावर काम, आणि त्यानंतर वाटलंच तर टाटा इन्स्टिट्यूटच्या तुळजापूर परिसरात किंवा पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत एम.ए. अथवा एम.एस.डब्ल्यू. तुळजापूरसाठी सीयूईटी पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची सामाईक परीक्षा द्यावी लागते. महागडा कॅमेरा आत्ता नको, एखादा जुना चालेल.

केसेसचं भय खोटं नाही. १९८९ मध्ये चराईला जागा मिळेना म्हणून मारियाच्या मेंढपाळांनी सरकारी वन्यजीव क्षेत्रात मेंढ्या घातल्या होत्या, कायदा मोडतोय हे माहीत असून. पण तो निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला होता. एकट्या मुलीने आवेशात पुढे होणं वेगळं. ती ज्या संस्थेबरोबर जाणार आहे, तिथे वकील आहे का, हिशोब दरवर्षी तपासून घेतात का, मुली कुठे राहतात, हे तुम्ही स्वतः जाऊन विचारा. बाप म्हणून तो तुमचा हक्क आहे.

आणि आत्तापर्यंत काढलेल्या फोटोंच्या प्रिंट तिला काढायला सांगा, ज्याचा फोटो त्याच्या हातात देण्यासाठी. दिवाळीच्या सुट्टीत त्या द्यायला ती पोडावर जाईल, तेव्हा तुम्हीही तिच्याबरोबर जा.