गुन्ह्यांचे आकडे कसे वाचावेत: ठाण्यात लिहिण्याचं काम केलेल्या माणसाकडून

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: तुम्ही दोहाला, आई-बाबा देवगडजवळच्या घरी दोघंच. सुरक्षित देशांची एक यादी तुमच्या पाहण्यात आली. तीत कतार अगदी वर आणि भारत बराच खाली. शिवाय चॅनेलवर रोज खून-दरोडे. तर जगात गुन्हे वाढतायत का, अशा याद्या किती खऱ्या, आणि आई-बाबांना तिकडे न्यावं का?

तिसरा प्रश्न बाबांनाच विचारा. आंब्याची कलमं सोडून ते येतील असं मला वाटत नाही. पहिल्या दोघांवर मात्र मला बोलता येईल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून तेहतीस वर्षं पोलीस खात्यात काढली, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. त्यातली निम्मीअधिक वर्षं ठाण्यात लेखनिक. महिन्याच्या क्राईम मीटिंगला साहेब जो तक्ता घेऊन जायचे, तो रात्री जागून मी भरलेला असायचा. असे हजारो तक्ते वर जात जात शेवटी दिल्लीला एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीच्या, पुस्तकात येतात.

त्या यादीचं आधी सांगतो. तसल्या बहुतेक याद्या संकेतस्थळावर येणाऱ्यांना विचारून बनतात: रात्री एकटं फिरायला भीती वाटते का, घर फुटेल अशी धास्ती वाटते का, वगैरे. म्हणजे ती भीतीची मोजदाद झाली. पोलिसांच्या कागदाशी तिचा संबंध नाही. पण हसू नका, कागदाचीही तऱ्हा ऐका.

मे महिना. एक बागायतदार सकाळी साडेसहाला ठाण्यात आला, पायात चिखलाने भरलेल्या चपला. रात्रीत दोन कलमं उतरवून नेली होती. कोणी नेली तेही ठाऊक. मी फिर्याद लिहायला कागद ओढला तर हात धरला माझा. "केस नको हां सायबानू. गावातलोच झील तो. तुमी नुसतो दम भरा, बाकी मी बगतंय." आम्ही पोराला बोलावलं, दम भरला, आंब्याचे पैसे देववले, चहा झाला. स्टेशन डायरीत एक ओळ. गुन्हा रजिस्टरला काहीच नाही. हे बरोबर केलं असं म्हणत नाही, पण केलं, आणि एकदाच नाही. त्या वर्षी आमच्या हद्दीत आंबाचोरी 'शून्य' होती.

आता तर कायद्यानेच वाट करून दिलीय. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या जोडीच्या नागरिक सुरक्षा संहितेत पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी, एन.सी. एन.सी. दखलपात्र गुन्ह्यांच्या गणतीत येत नाही. पुढची चार-पाच वर्षं चोरीचे आकडे उतरलेले दिसले आणि कोणी त्याबद्दल पाठ थोपटून घेतली, तर ही गोष्ट आठवा.

उलटंही होतं. आमच्याकडे घरफोडीचा आकडा दरवर्षी गणपतीच्या आठवड्यात उसळायचा. नवीन माणूस बदलून आला की घाबरायचा, गस्त वाढवायचा. काय व्हायचं, चाकरमानी मे महिन्याची सुट्टी संपवून घर बंद करून मुंबईला गेलेले असायचे. गणपतीला येऊन कुलूप काढतात तर घंगाळ नाही, समया नाहीत, मागची कडी तुटलेली. फिर्यादीत आम्ही लिहायचो, 'दि. 2 जून ते 4 सप्टेंबर दरम्यान'. चोर जूनच्या पावसात येऊन गेलेला, आणि तक्त्यात वाढ मात्र सप्टेंबरची. पंचनाम्याला गेलं की भांड्यांच्या जागी फडताळावर गोल वळ दिसायचे. मधल्या तीन महिन्यांत त्यांच्यावरही धूळ चढलेली असायची. त्या धुळीच्या थरावरून मी अंदाज बांधायचो चोरी कधीची असेल त्याचा.

एका ठाण्याची ही गत, तर देशांची तुलना किती बेतानं करायची बघा. स्वीडनचा बलात्काराचा दर पाहून लोक चकित होतात. तिथे व्याख्या रुंद आहे आणि एकाच नात्यातला प्रत्येक प्रसंग वेगळा धरतात. आपल्याकडे एका एफआयआरमध्ये दहा कलमं असली तरी पुस्तकात मोजतात त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा. केरळचा गुन्हेदर कायम वरच्या ओळीत असतो. माझ्या मते त्याचं मोठं कारण तिथला माणूस तक्रार देतो आणि ठाणं ती घेतं. इंग्लंडमध्ये 2014 साली पोलिसांवरच्या तपासणी यंत्रणेनं पाहणी केली, तर लोकांनी सांगितलेल्या गुन्ह्यांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा पोलिसांनी नोंदलाच नव्हता. मला ते वाचून आमच्याच ठाण्याची आठवण झाली. पण त्यांच्याकडे 1980 च्या दशकापासून घरोघरी जाऊन 'तुमच्या बाबतीत गेल्या वर्षात काय घडलं' असं विचारणारी दुसरी पाहणी आहे, त्यामुळे कागद खोटं बोलला की पकडला जातो. आपल्याकडे तशी नियमित पाहणी नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

सगळ्यात मजेशीर वर्ष 2020. देशाचा एकूण गुन्हेदर त्या वर्षी चढला. टाळेबंदीत माणसं घरात, किनारे ओस, आणि गुन्हे वाढले? कारण होतं तेव्हाच्या दंड संहितेचं कलम 188, सरकारी आदेशाचा भंग. 2019 मध्ये या कलमाखाली 29,469 गुन्हे होते, 2020 मध्ये 6,12,179. त्यातले काही माझ्या हातचे आहेत. खाडीवर गळ टाकून मासे गरवायला बसलेले दोन म्हातारे मला अजून आठवतात.

म्हणून मला कोणी जगाचं विचारलं की मी खुनापासून सुरुवात करतो. आंबा गेला तर माणूस गप्प बसतो, माणूस गेला तर सहसा बसत नाही. सहसा म्हटलं, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे ठाऊक असतं की समुद्रातून आलेल्या मढ्याची आधी ए.डी. होते, आकस्मिक मृत्यू, आणि आठ दिवसांत ओळख पटली नाही तर पुढे कोण विचारतो? तरी इतर कुठल्याही गुन्ह्यापेक्षा खुनाचा आकडा विश्वासाचा.

तो काय सांगतो? संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने 2021 साठी जगभरात सुमारे 4,58,000 खून धरले, लाख लोकसंख्येमागे 5.8. भारतात 1992 मध्ये 40,105 खून नोंदले गेले होते, दर साडेचारच्या वर. 2023 मध्ये 27,721. मधल्या काळात माणसं पन्नास कोटींनी वाढली, म्हणजे दर निम्म्याहून खाली, दोनच्या आसपास. हे चॅनेलवर ऐकलंत कधी? अमेरिकेत 1991 च्या सुमारास दर दहाच्या जवळ होता, 2014 पर्यंत निम्म्याखाली आला, 2020 मध्ये एका वर्षात जवळजवळ तीस टक्क्यांनी उसळला आणि पुन्हा उतरला. जपानमध्ये 2002 ला पोलिसांकडे 28.5 लाख गुन्हे नोंदले होते, 2021 ला 5.68 लाख. त्यानंतर थोडी वाढ आहे. तर 'जग बिघडत चाललंय' हे सरसकट खरं नाही. कुठे उतरतंय, कुठे एकदम पेटतंय.

पेटलेल्यांत दक्षिण अमेरिकेतला इक्वाडोर बघा, किनारपट्टीच्या माणसाने तर बघायलाच हवा. 2018 च्या सुमारास तिथला खुनाचा दर लाखाला सहाच्या आसपास होता. 2023 मध्ये चाळीसच्या वर. एका बाजूला कोलंबिया, दुसऱ्या बाजूला पेरू, दोन्हीकडे कोकेन बनतं. इक्वाडोर जगाला केळी पाठवतो. ग्वायाकिल बंदरातून सुटणाऱ्या केळ्यांच्या कंटेनरात माल दडवायचा, यासाठी टोळ्यांत मारामारी. देशाचा स्वभाव पाच वर्षांत बदलत नसतो, बदलते ती मालाची वाट.

आपल्या किनाऱ्यानेही हे भोगलंय. सोन्यावर बंधनं होती तोवर रात्री मचव्यांतून सोनं उतरायचं, आणि त्यावर घरं उभी राहिली हे गावागावांत माहीत असतं. 1990 मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, मग आयात खुली झाली, आणि तो धंदा पोलिसांनी न मोडताच बसला. पण वाटा नि माणसं तशीच राहिली, आणि 1993 मध्ये त्याच पद्धतीने श्रीवर्धनकडे शेखाडीला आरडीएक्स उतरलं. ऑगस्ट 2023 मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहत आली, तीही आपली नव्हेत, दुसऱ्याच्या वाटेवरची. आणि ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला रायफली असलेली बेवारस नौका लागली तेव्हा चॅनेलवाल्यांनी युद्ध सुरू केलं होतं. निघालं काय, तर ओमानकडून युरोपला जाताना खवळलेल्या समुद्रात सोडून दिलेली बोट.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरचं नाव तुम्ही घेतलंत, 'तसं करायला हवं' म्हणून. 2015 ला लाखाला शंभरावर खून, 2023 ला सरकारी आकडा 2.4. मार्च 2022 पासून टोळ्यांविरुद्ध आणीबाणी, पंच्याहत्तर हजारांवर लोक आत. लोकसंख्या साधारण त्रेसष्ट लाख, आपल्या मुंबईच्या निम्मीच. खून खूप घटले यात शंका नको, तिथली आई पोराला शाळेत पाठवताना सुटकेचा श्वास टाकते. पण पोलिसांच्या गोळीने मेलेले त्या आकड्यात धरत नाहीत, आणि नुसत्या संशयावर उचललेला माणूस निर्दोष असला तर त्याने दाद कुठे मागायची? माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणांना हा उपाय आवडतो. मी आरोपपत्रं लिहिलीत, ब समऱ्याही, म्हणजे फिर्याद खोटी निघाल्याचे कोर्टाला द्यायचे अहवालही, लिहिलेत. खोटी फिर्याद किती सहज उभी राहते हे ठाऊक असलेल्याला तो आवडणं कठीण.

आता कोकण शांत का? आम्ही म्हणतो माणसं साधी. असतील. पण जगात कुठेही मारामारी, लूट करणारा बहुतेक वेळा अठरा ते तिशीतला पुरुष असतो, आणि आपण तो वयोगट मुंबईला आणि आखातात धाडलाय. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 बायका होत्या. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांत घटली होती. जपानचं निम्मं गुपितही मला हेच वाटतं, तिथे तर तुरुंगात दुकानचोरी केलेल्या आजी-आजोबांची गर्दी आहे. शिवाय सिंधुदुर्गात साडेआठ लाख माणसं. एवढ्या लहान जिल्ह्यात वर्षाला दोन खून जास्त झाले तरी टक्केवारी उडी मारते. 'जिल्ह्यात खुनांत मोठी वाढ' अशी बातमी दिसली की आधी मूळ संख्या शोधा.

तुमच्या आई-बाबांना ज्याची धास्ती हवी ते वेगळंच आहे. गेल्या वर्षी शेजारच्या वाडीतून मुलगा धावत आला, "काका, बाई बोलत नाहीयेत." बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. गेलो तर पुढचं दार सताड उघडं, उंबऱ्यावर कुत्रा झोपलेला, आणि बाई माजघरात साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून ताठ बसलेल्या. मला हातानेच 'जा' म्हणाल्या. पडद्यावर वर्दीतला माणूस. तुमच्या आधारवर अमली पदार्थांचं पार्सल सापडलंय, तुम्ही 'डिजिटल अटके'त आहात, कोणाशी बोलाल तर गुन्हा वाढेल. पहाटेपासून त्या पाण्यालाही उठल्या नव्हत्या. मी त्या माणसाकडे पाहिलं. स्वतःच्या ऑफिसात खुर्चीवर बसून टोपी घातलेली. असा अधिकारी मी तेहतीस वर्षांत पाहिला नाही. गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टरचा नंबर विचारला, कुठलं ठाणं विचारलं. फोन बंद. तोवर एफडी मोडून चार लाख गेले होते. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावला म्हणून त्यातले थोडे मधल्या खात्यात गोठले.

चाळीस वर्षं त्या घराला कडी लागली नव्हती आणि चोर पाऊल न ठेवता आला. देशात सायबर गुन्हे 2021 मध्ये 52,974 नोंदले, 2023 मध्ये 86,420. न सांगितलेले किती असतील ते आंबेवाल्यावरून ओळखा, इथे तर लाजही असते. तो वर्दीवाला बसला कुठे होता कोण जाणे. म्यानमार, कंबोडियात अशा फसवणुकीच्या छावण्याच आहेत. 2023 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात म्यानमारमध्ये किमान 1,20,000 आणि कंबोडियात सुमारे 1,00,000 माणसं त्यांत डांबलेली असावीत असा अंदाज होता. डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेलेली आपली पोरंही तिथून सोडवून आणावी लागली. गुन्हा मात्र नोंदला आमच्या तालुक्यात, दर वाढला आमच्या जिल्ह्याचा.

तेव्हा बाबांना सांगा, डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाही, वर्दीतला माणूस व्हिडिओवर दिसला की फोन ठेवायचा. 1930 भिंतीवर कॅलेंडरशेजारी मोठ्या अक्षरात लिहा. एफडी मोडायची वेळ आली तर आधी तुम्हाला फोन, हे आताच ठरवा. बागेत नेपाळी राखणदार आहे म्हणालात. त्याची माहिती ठाण्यात रीतसर देऊन ठेवा, पण काही गेलं की पहिलं बोट त्याच्याकडे करू नका. माझ्या अनुभवात घरातली खडान्‌खडा माहिती असलेला चोर बहुतेक वेळा वाडीतलाच निघालाय.

बाबांना पडवीत दार उघडं टाकून झोपायची सवय आहे म्हणता, झोपू देत. न्हाणीच्या खिडकीला मात्र गज बसवून घ्या. तुम्ही टाकलेल्या फोटोत ती लाकडी चौकट खालून कुजलेली दिसतेय.