झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकासाठी एक्स३२ या बेहरिंगरच्या डिजिटल मिक्सरला (बोर्डाला) एस१६ स्टेजबॉक्स, म्हणजे मंचावरचे माइक लावायचा डबा, जोडला, पण माइकचा आवाज चॅनेलवर येत नाही. काय करावं? चॅनेलना नावं कशी द्यावीत?

स्टेजबॉक्सची केबल बोर्डाच्या एईएस५० ए पोर्टमध्ये (दोघांमध्ये आवाज नेणारी डिजिटल जोडणी) आहे ना, ते आधी बघा. ती शिल्डेड (धातूचं आवरण असलेली) कॅट५ई नेटवर्क केबलच हवी. मग मेन (मुख्य स्पीकरकडे जाणारा आवाज) म्यूट करून राउटिंगमध्ये इनपुट्स उघडा. १-८ च्या जागी ‘एईएस५० ए १-८’ आणि ९-१६ च्या जागी ‘ए ९-१६’ निवडा. आवाज बहुतेक वेळा इथंच अडकतो, कारण बोर्ड अजून स्वतःच्या मागच्या सॉकेटकडेच बघत असतो. गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) आणि फँटम (काही माइकना लागणारी वीज) चॅनेलचे नसून सॉकेटचे असतात, म्हणून बदलानंतर दोन्ही नव्याने लावा.

परतीचा, म्हणजे बोर्डाकडून मंचाकडे जाणाऱ्या आवाजाचा, रस्ता वेगळा. मेन डावा-उजवा मुळात आउट १५-१६ वर असतो. राउटिंगच्याच एईएस५०-ए टॅबमध्ये १-८ ला ‘आउट ९-१६’ द्या, म्हणजे मेन स्टेजबॉक्सच्या ७ आणि ८ नंबरच्या आउटपुटवर मिळेल.

नावं कलाकाराची कधीच देऊ नका. एकाच टांगलेल्या माइकखाली नायक, खलनायक, लावणीवाली सगळेच येतात. जागेचं नाव द्या: ‘पुढे डावा’, ‘पुढे मधला’, ‘मागे उजवा’, आणि डावा-उजवा बोर्डावरून दिसतो तोच धरा. मंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यातले ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड वेगळ्या रंगात ठेवा. अंधारात नावाआधी रंग दिसतो. चॅनेलच्या नावाच्या छोट्या स्क्रीनपट्टीवर रोमन लिपीतच आणि १२ अक्षरांतच लिहावं लागतं. लॅपटॉपवरच्या एक्स३२-एडिट या सॉफ्टवेअरमधून टाइप केलं तर काम लवकर होतं. शेवटी बोर्डाचा सीन (सगळ्या सेटिंग्ज) सेव्ह करा.