सेरेब्रल पाल्सी (लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारी अडचण) असलेल्या अडीच वर्षांच्या मुलीला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी पुरते का?

नुसती तेवढीच नाही पुरत. थेरपिस्टकडचा पाऊण तास ही शिकवणी समजा. सराव घरातच, रोजच्या कामांत व्हायला हवा. माझ्या भाच्याच्या चमच्याला आम्ही जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळून मूठ जाड केली होती. वरणभात निम्मा मांडीवर सांडायचा, पण घास त्याचा तोच घ्यायचा. ताई पोळ्या लाटायला बसली की कणकेचा गोळा त्याच्या आखडलेल्या हातात. मूल स्वतः हालचाल करतं त्यातून मेंदू शिकतो. आपणच हातपाय हलवून दिले किंवा तेल चोळलं तर (आजीला वाईट वाटेल, पण) तेवढा उपयोग होत नाही.

पायाचा स्प्लिंट, म्हणजे पाय नीट स्थितीत ठेवणारा आधार, दिला असेल तर सांगितलेले तास घालाच. चालत नसेल तर खुब्याचा एक्स-रे कधी काढायचा ते डॉक्टरांना विचारा. खुबा हळूहळू सरकतो, सुरुवातीला कळतही नाही.

खर्चाचं म्हणाल, तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्र, आहे का बघा. तिथे थेरपी मोफत असते. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंत विमा मिळतो, त्यात थेरपीही येते.